चक्कीवर बीपीचं मशीन ठेवलं आणि अर्धं गाव बिघडलं. बंद करू की चालू ठेवू?

चक्कीवाला_आर्वी

आर्वी तालुक्यात आमचं गाव, साडेतीनशे उंबऱ्यांचं. माझी पिठाची चक्की आहे, बापाच्या वेळेपासूनची. मी बारावी नापास माणूस. डॉक्टरकीशी माझा संबंध इतकाच, की मिरची दळायला आली की सगळ्या आळीला शिंका मीच देतो.

मशीनची गोष्ट अशी. मागच्या वर्षी बायकोचं बाळंतपण झालं, तेव्हा शेवटच्या महिन्यात तिचं बीपी चढलं होतं. घरी सोडताना मॅडमनी बजावलं, सहा आठवडे मोजा, लिहून ठेवा, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली तर रात्र पाहू नका, निघा. म्हणून वर्ध्याहून दंडाला पट्टा बांधायचं बॅटरीवरचं मशीन आणलं. तिचं उतरलं, मशीन कपाटात गेलं. या दिवाळीनंतर डोक्यात आलं, चक्कीवर माणूस पंधरा मिनिटं रिकामाच बसतो. एकतर मोबाइल, नाहीतर पन्नीवर खर्रा घोटणं. ठेवून तर पाहू.

तीन आठवड्यांत 61 जणांचं मोजलं. वहीत नाव, तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा. 140/90 च्या वर निघाले 23. मला वाटलं होतं पाच-सात निघतील, तेही मालगुजारी थाटाचे, पोट सुटलेले. निघालं कोण? कापूस वेचणाऱ्या बाया, ज्यांच्या अंगावर मूठभर मांस नाही. डवऱ्यामागं दिवसभर चालणारा 38 वर्षांचा गडी, 162/100. त्याला सांगितलं तर हसला. "मले काईच होत नाई, बीपी कुठून आला?"

इथपर्यंत ठीक होतं. मग एक आजी आल्या, डोक्यावर गव्हाचा पिपा, ज्वारी वेगळी फडक्यात. त्यांचं 196/108 आलं. मी आपला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण चक्की चालू असली की ओरडूनच बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पोरगा दारात. "बुढी रातभर झोपली नाही. तू मोठा डॉक्टर लागून गेला का?" त्याचं काही चुकलं नाही म्हणा.

दुसरं लफडं वहीचं. वही गल्ल्यावर उघडी पडलेली असायची. कोणीतरी चाळली आणि पारावर चर्चा, अमक्याला 170 आहे, त्याला उधार देताना विचार करा. गंमत म्हणून बोलले असतील, पण तो माणूस आता दळण शेजारच्या गावात नेतो.

आणि तिसरी शंका खरी शंका आहे. एकाच माणसाचं एकदा 168 आलं आणि दहा मिनिटांनी 142. मशीन बिघडलं का?

बंद करून टाकावं असं वाटतं. पण मग मागच्या वर्षीचं शिबिर आठवतं. कोणी घेतलं ते सांगत नाही. मंडप, बॅनर, पाहुण्यांचे हार. शाळेच्या पडवीत रांग, उभ्या उभ्या पट्टा, चिठ्ठीवर आकडा आणि पाच दिवसांच्या गोळ्या. दोन तासांत दोनशे माणसं उरकली. सहाव्या दिवशी कुठं जायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलंच नव्हतं. माझ्या काकूंची चिठ्ठी अजून देवघरात आहे, कुंकवाच्या डबीखाली. 174/102. काकू म्हणतात, गोळ्या संपल्या, आजार संपला.

मी त्या शिबिरापेक्षा काही वेगळं करून राहिलो की तेच, हे कोणीतरी जाणकारानं सांगा.

उपकेंद्राची_ताई

दादा, बंद करू नका. पण तुमचे 23 मला पटले नाहीत.

मी भंडारा जिल्ह्यात एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, सहा वर्षं झाली. तुमच्या पोस्टमध्येच तुमचं उत्तर आहे. आजी डोक्यावर पिपा घेऊन चालत आल्या, तुम्ही लगेच पट्टा बांधला, शेजारी चक्की धडधडतेय, आणि त्या तुमच्याशी बोलतायत. अशात माझंही चढेल. बीपी म्हणजे उंची नाही, की एकदा मोजली की झालं. ते दिवसभर खालीवर होतं, जिना चढला, भांडण झालं, लघवी दाबून धरली तरी चढतं. 168 आणि 142 वाल्यात मशीनचा दोष नसावा, तो पहिल्यांदा आल्या-आल्या बसला असेल. तरी एकदा मशीन घेऊन पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जा आणि तिथल्या मशीनशी ताडून बघा.

असं करा. आलेला माणूस पाच मिनिटं गप्प बसू द्या. स्टुलावर नाही, पाठ टेकेल असं. पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नकोत. हात लोंबता नको, छातीच्या पातळीला टेकवून. टेबल नसेल तर गव्हाच्या कट्ट्यावर ठेवा, चालतं. पट्टा उघड्या दंडावर. आता थंडी आहे, स्वेटरवरून बांधू नका आणि बाही गुंडाळून दंड आवळू नका. मोजताना तुम्हीही बोलू नका, त्यांनीही नाही. चहा किंवा खर्रा खाऊन अर्धा तास झालेला हवा. खर्ऱ्यातला तंबाखू बीपी चढवतो हे लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं त्याचा संबंध फक्त तोंडाशी. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बघा, ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढं कायम. पट्ट्यावर दंडाच्या मापाची खूण असते तीही बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वर येतो.

आणि एका दिवसाच्या आकड्यावर कोणाला "तुला बीपी आहे" म्हणू नका. "आज जास्त दिसतंय, परवा निवांत परत बघू", इतकंच. तेही कानात. ओरडून नाही.

आता वही. ती कुलपात ठेवा, आजच. मग ज्यांचं दोन-तीन वेगळ्या दिवशी 140/90 च्या वर राहील, त्यांना विचारून त्यांची नावं आशाताईला द्या. 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी बघायचं हे तिचं आणि आमचं कामच आहे, ती घरोघरी फॉर्म भरते. तुमचा वर्धा आणि आमचा भंडारा हे दोन्ही जिल्हे 2017 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात होते, सातारा आणि सिंधुदुर्गाबरोबर. त्यात ठरलं ते साधं होतं. मोजक्याच गोळ्या, अमलोडिपीन, टेल्मिसार्टन अशा, सगळीकडे सारखी पद्धत, प्रत्येकाचं कार्ड, महिन्याच्या गोळ्या फुकट आणि शक्य तितक्या घराजवळ.

तुम्ही विचारलंत, शिबिरापेक्षा वेगळं काय. मोजणं हे चार आण्याचं काम आहे. बारा आण्याचं काम म्हणजे तोच माणूस पुढच्या महिन्यात परत येणं. शिबिरवाल्यांना ते जमत नाही, कारण ते निघून जातात. आम्हालाही पुरतं जमत नाही. माझ्याकडची एक बाई तीन महिने नियमित गोळ्या नेत होती, कार्ड चकाचक, बीपी मात्र 160 च्या खाली येईना. औषध वाढवायला डॉक्टरांकडे पाठवणार होते. एक दिवस सुटे पैसे काढायला तिनं पदराची गाठ सोडली, तर आत सहा गोळ्या. विचारलं तर म्हणाली, ज्या दिवशी डोकं दुखते त्या दिवशी खातो नं बाई. बाकीच्या तिनं नवऱ्याला दिल्या होत्या, त्याचंही डोकं दुखत होतं.

यात तिचा मूर्खपणा नाही. गोळी दुखण्यावर घ्यायची असते हेच आपण सगळे शिकलो. ही गोळी न दुखणाऱ्या गोष्टीवर आहे, आणि ते पाच मिनिटांत पटत नाही.

वेचणीचं पण लक्षात घ्या. उपकेंद्र सकाळी उघडतं तेव्हा बाई वावरात असते, मजुरी किलोवर मिळते. ती 11 वाजता माझ्याकडे येईलच कशी? तुमची चक्की संध्याकाळी चालते. त्यांच्या वेळेला उघडी असणारी गावातली ती एकच जागा असेल. म्हणून म्हणते, बंद करू नका.

निवृत्त_मास्तर

सगळ्यांचं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग नसावा. 61 पैकी 23 आजारी? म्हणजे गाव आहे की वॉर्ड? आमच्या वडिलांच्या काळी कोणाला बीपी नव्हतं, 80-85 वर्षं जगले. आकड्याची रेघ कोण ओढतं आणि गोळ्या कोण विकतं, याचा विचार करा. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज, सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून. त्याचं बीपी चढणार नाही तर काय होणार? कापसाला भाव द्या, बीपी आपोआप उतरेल.

धान_आणि_मोह

मास्तर, भावाचं बोललात त्याला माझे दोन्ही हात वर. पण वडिलांच्या काळी बीपी नव्हतं हे पटत नाही. बीपी मोजायचं मशीन नव्हतं. "अंगावरून वारं गेलं" हा शब्द तर होता की नाही तुमच्या घरात? माझ्या आजोबांवरून गेलं होतं. तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला, चार महिने खाटेवर, मग संपले. कोणी म्हणालं बाहेरचं लागलं, कोणी म्हणालं गार पाण्यानं आंघोळ केली. दाब किती होता हे कोणी विचारलंच नाही.

मी गडचिरोलीचा. आमच्याकडे राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 86 गावांत मृत्यूंची घरोघर नोंद केली होती, 2011 ते 2013 ची दोन वर्षं. लोकांना वाटलं मलेरिया पहिला येईल. पहिला आला लकवा, शंभरातले चौदा मृत्यू. बहुतेक जण घरीच गेले. हा गडचिरोली आहे मास्तर, मुंबई नाही. आमच्याकडे पोट सुटलेले शोधावे लागतात.

टेन्शनचं म्हणाल तर असेलही. पण मीठ धरा, तंबाखू धरा. वावरात शिदोरीला भाकर, ठेचा आणि लोणच्याची फोड. भाजी कमी पडली की मीठ-मिरचीच भाजी होते. भाव मिळाला तर भाजी वाढेल, हे तुमचं पुन्हा खरंच.

ग्रामीण_डॉक्टर

ताईंनी जवळपास सगळं सांगितलं. माझे थोडेच मुद्दे.

चक्कीवाले, तुम्ही गोळी देऊ नका, आणि दुसऱ्याची गोळी कोणाला खायला सांगू नका. बसवून पाच मिनिटांनी परत मोजलं तरी वरचा 180 किंवा खालचा 120 च्या वर असेल तर त्याच दिवशी पीएचसी. त्याबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, एकीकडचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, यातलं काहीही असेल तर वही-बिही बाजूला ठेवा आणि 108 लावा. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि आर्वीच्या त्या बाजूनं मोठ्या दवाखान्यात पोचायलाच किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहे. आकडा पाहून घाबरून जिभेखाली गोळी फोडायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते. करू देऊ नका. दाब एकदम खाली आला तर मेंदूचा रक्तपुरवठाच कमी पडतो.

मास्तरांसाठी. रेघ 140 वरच का, हा प्रश्न योग्य आहे. धोका 139 ला नसतो आणि 141 ला सुरू होतो असं नाही, तो हळूहळू चढतो. पण गावात 190 वाले दोन-तीनच असतात आणि 145-155 वाले तीस-चाळीस. एकेकट्याचा धोका 190 वाल्याचा जास्त, तरी एकूण लकवे मोजले तर बरेचसे त्या तीस-चाळीसांतूनच निघतात, कारण ते संख्येनं जास्त आहेत. ते दवाखान्यात स्वतःहून कधीच येत नाहीत, त्यांना काही होतच नसतं. म्हणून कोणीतरी त्यांच्या दारात किंवा चक्कीवर जाऊन मोजावं लागतं. वरचा आकडा 10 नं खाली आणला तर लकव्याचा धोका साधारण पाव हिश्श्यानं कमी होतो, हे मोठ्या अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. आणि अमलोडिपीन फुकट मिळते, विकत घेतली तरी स्वस्तातल्या स्वस्त गोळ्यांपैकी आहे. कंपन्यांचा राग दुसरीकडे काढा, तिथं बरीच जागा आहे.

निवृत्त_मास्तर

वारं जाणं हा शब्द आमच्या घरात होता. आत्यावरून गेलं होतं. एवढंच लिहितो.

चक्कीवाला_आर्वी

पाच आठवड्यांनी लिहून राहिलो, मध्ये तुरीची गडबड होती.

सगळ्यात आधी वही कुलपात टाकली. मागच्या पडवीत, जिथं रिकामे कट्टे ठेवायचो, तिथं बापाची जुनी हाताची खुर्ची मांडली, शेजारी गव्हाचा भरला कट्टा. संध्याकाळी 7 ते सव्वासात चक्की बंद. पहिले दोन दिवस बाया ओरडल्या की स्वयंपाकाला उशीर होते. आता तीच वेळ धरून येतात, कारण तेव्हा चक्कीचा आवाज नसते आणि गप्पा होतात. गप्पा मात्र खुर्चीत बसलेल्याशी नाही, हा नियम काकूंनी लावला, मी नाही.

ते 23 परत मोजायला घेतले. 20 आले. बसवून, गप्प ठेवून, तीन वेगळ्या दिवशी मोजलं तर वर राहिले 11. ताई, तुमचं बरोबर निघालं, नऊ जणांना मी फुकटचं घाबरवलं होतं. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. एकानं चहा पाजला, दुसऱ्यानं बोलणी खाऊ घातली.

त्या 11 पैकी पाच जणांना आधीच माहीत होतं! दोन-दोन वर्षांपूर्वी कोणी ना कोणी सांगितलं होतं, गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, सोडल्या. एकाच्या पायाला सूज आली म्हणून सोडल्या. आमच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, सुजेचं येऊन सांगितलं असतं तर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली असती. पण सांगायला कोण जाते? म्हणजे मी शोधलं असं काही नाही. हरवलेले होते, ते दिसले.

आजींच्या घरी मीच मशीन घेऊन गेलो. पोरगा दारातच उभा, पण आत येऊ दिलं. निवांत बसवून 164/94. म्हणजे 196 नव्हतं, पण बीपी होतंच. आता कार्ड झालं आहे, गोळी चालू आहे, मागच्या मंगळवारी 138/84. आजी म्हणतात, "पयले काही होत नव्हतं, आताही काही होत नाई, मग फरक कोणता?" याचं उत्तर मला आलं नाही. पोरगा बोलला, "खा नं माय, त्याच्यातच फरक आहे."

तो 38 वर्षांचा गडी. त्याचं तिन्ही वेळा 160 च्या आसपासच. त्याला डॉक्टरांनी एवढ्या कमी वयात का, म्हणून लघवी आणि रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट यायचा आहे. दिवसाला आठ खर्रे होते, आता पाच म्हणतो. मी मोजत नाही, माझ्याकडे एकच मशीन आहे.

आशाताईला यादी दिली, ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच. दोघांनी नाही म्हटलं, त्यांची नाही दिली. ज्याचं दळण शेजारच्या गावात जाते तो अजून आला नाही. त्याच्याकडे एकदा जाऊन आलो, माफी मागितली. बघू.

काकूंची चिठ्ठी अजून कुंकवाच्या डबीखालीच आहे, काढू देत नाहीत. पण वर कार्ड ठेवलं आहे.

आता एक अडचण. पट्ट्याला जी चिकटपट्टी असते नं, खरखरीत बाजूवाली, ती पिठानं भरली आहे. हवा भरली की चर्रकन सुटते. नवा पट्टा वर्ध्यातच मिळतो, चारशे-पाचशे सांगतात. काही उपाय?

उपकेंद्राची_ताई

दातांचा जुना ब्रश घ्या, कोरडाच. खरखरीत बाजूवर आडवा घासा, पीठ आणि सूत दोन्ही निघतं. पाणी लावू नका, लगदा होईल. आणि मशीन पिशवीत बांधून ठेवत जा, पट्टा गुंडाळून. तरीही सुटायला लागला तर मात्र नवाच घ्या. ढिल्या पट्ट्यानं आकडा चुकीचा येतो, आणि मग परत कोणाचा तरी पोरगा तुमच्या दारात.